अभ्यासासाठी घेतलेला कॉम्प्युटर

भारताच्या सीमाशुल्काच्या तक्त्यात कॉम्प्युटर ८४व्या प्रकरणात येतो, शीर्षक ८४७१. त्याच प्रकरणात बॉयलर, पंप, शिलाई मशीन, छपाईची यंत्रं असा सगळा कामाचा माल आहे. व्हिडिओ गेमचं यंत्र मात्र ९५व्या प्रकरणात, खेळण्यांच्या घरात. शीर्षक ९५०४. तिथले शेजारी म्हणजे बिलियर्ड, जत्रेतले खेळ, पत्ते आणि कॅसिनोत लागणारी खास टेबलं. दोन्ही यंत्रं उघडली तर आत प्रोसेसर, मेमरी आणि चित्र काढणारी चिप हेच सापडतं. प्लेस्टेशन ५ मधली मुख्य चिप एएमडीची आहे आणि अकोल्यातला दुकानदार जोडून देतो त्या कॉम्प्युटरमध्येही बऱ्याचदा एएमडीचाच प्रोसेसर असतो. फरक आहे तो नावात, आणि नावानुसार लागणाऱ्या करात.

हा तक्ता मी वाचत बसलो त्याला कारण माझा मावसभाऊ. अकोल्यात बारावीला आहे. वडील बाजार समितीत एका अडत्याकडे हिशेब लिहितात. आठवीत असताना त्याने एनएमएमएसची परीक्षा दिली आणि तो पास झाला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे, २००८ पासूनची. आठवीनंतर हुशार पण गरीब मुलं शाळा सोडतात, ती सोडू नयेत म्हणून. सुरुवातीला महिन्याला ५०० रुपये होते, २०१७ पासून १,००० झाले. नववी ते बारावी, वर्षाला १२,०००, थेट मुलाच्या खात्यात. महाराष्ट्राच्या वाट्याला दरवर्षी ११,६८२ शिष्यवृत्त्या येतात. सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत शिकायचं, घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत हवं आणि दहावीत गुण टिकवायचे, अशा अटी. माझ्या भावाने चार वर्षांत त्यातला रुपयाही काढला नाही. ४८,००० ते, आणि आल्यागेल्या पाहुण्यांनी हातावर ठेवलेले सहाएक हजार. एकूण ५४,०००. त्याला त्यातून गेम खेळायचा कॉम्प्युटर घ्यायचा आहे.

मावशीचं म्हणणं सरळ होतं. "अभ्यासाचे पैसे हायेत ते. गेम खेळाले कायले उडवायचे?" काका काहीच बोलले नाहीत. आणि भावाने मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, तू आईला सांगशील का, इंजिनिअरिंगला असाच कॉम्प्युटर लागते म्हणून?"

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे माझ्या शब्दाला मावशीच्या घरात वजन आहे. तो मागत होता ते प्रमाणपत्र मी एका फोनवर देऊ शकलो असतो. पण हे वाक्य मला फार ओळखीचं वाटलं. 'अभ्यासासाठी लागतो.' घरगुती कॉम्प्युटरचा सगळा इतिहास या वाक्याच्या आडोशाने पुढे सरकला आहे, आणि तो फक्त वऱ्हाडातला नाही.

१९८२ मध्ये इंग्लंडात सिंक्लेअर कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम आणला, किंमत १२५ पौंडांपासून. त्याच वर्षी बीबीसीने जनतेला कॉम्प्युटर शिकवण्याची मोहीम काढली होती. एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो हे तिचं अधिकृत यंत्र. पोरांनी आईबापांना गृहपाठाचं कारण सांगून स्पेक्ट्रम घरी आणवला आणि टेप लावून 'मॅनिक मायनर' खेळली. भारतात १९८४-८५ मध्ये 'क्लास' नावाचा सरकारी प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीला अडीचशे शाळा आणि यंत्र तेच, बीबीसी मायक्रो. स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या पुण्यातच निघाली, डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने काढलेली. आजच्या किती मराठी इंजिनिअरांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

त्या काळी बाहेरून यंत्र आणणं सामान्य घराच्या कल्पनेपलीकडचं होतं. १९९१ च्या अर्थसंकल्पात सीमाशुल्काचा सर्वोच्च दर १५० टक्क्यांवर 'उतरवला' गेला, यावरून आधी काय असेल ते समजावं. म्हणून नव्वदच्या दशकात घरोघरी आला तो कॉम्प्युटर नव्हे, टीव्हीला जोडायचा गेम. जपानच्या निन्टेन्डोच्या यंत्राची नक्कल, पिवळी किंवा काळी कॅसेट, तिच्यावर '९९९९ इन १' असं लिहिलेलं, आणि प्रत्यक्षात आत मारिओ, कॉन्ट्रा आणि आणखी पाच-दहा गेम फिरूनफिरून. याच नकलेला कीबोर्ड चिकटवला की तिचं 'शिकण्याचं यंत्र' होत असे. चीनमध्ये सुबोर कंपनीने हे नाव देऊन ती विकली, जाहिरातीत जॅकी चॅन होता. पुढे २००० मध्ये चीनने गेमच्या यंत्रांवर बंदी घातली आणि ती जवळजवळ पंधरा वर्षं टिकली. आपल्याकडेही कीबोर्डवाल्या नकला आल्या. त्यात टायपिंगचा एक धडा असायचा आणि बेसिक भाषेची एक निळी पाटी. पाहुणे आले की टायपिंगचा धडा लावायचा.

सोनीने तर हाच डाव मोठ्या पातळीवर खेळला. युरोपात विकलेल्या प्लेस्टेशन २ सोबत बेसिकचा एक छोटा प्रोग्रॅम दिला आणि हे यंत्र कॉम्प्युटर मानावं म्हणून युरोपीय आयोगाविरुद्ध न्यायालयात गेली. कारण कॉम्प्युटरवर आयातकर शून्य होता आणि गेमच्या यंत्रावर नव्हता. एवढी मोठी कंपनी जे सांगायला कोर्टात गेली, तेच माझा भाऊ मावशीला सांगू पाहत होता.

तो शून्य कर १९९६ च्या माहिती तंत्रज्ञान करारातून आला. भारत त्यात १९९७ मध्ये सामील झाला आणि २००५ पर्यंत कॉम्प्युटर व त्याच्या भागांवरचं सीमाशुल्क शून्यावर आलं. गेमची यंत्रं त्या यादीत नव्हती. २०१५ मध्ये यादी वाढली तेव्हा तीही आली, पण वाढीव करारात भारत गेला नाही. उलट २०१८ च्या अर्थसंकल्पात ९५०४ खालच्या मालावरचं शुल्क १० वरून २० टक्के झालं. जीएसटी आला तेव्हा कॉम्प्युटरला १८ टक्के आणि गेमच्या यंत्राला २८. तो फरक १ जानेवारी २०१९ ला मिटला. भारतात गेम खेळणारी पोरं कन्सोलऐवजी कॉम्प्युटरकडे, नाहीतर फोनकडे वळली, त्याचं सगळं श्रेय कराला देता येणार नाही. पण ज्या यंत्राला अभ्यासाचं नाव लागू शकत होतं तेच स्वस्त होत गेलं, हे खरं.

वऱ्हाडात या नावाला एक वेगळीच धार होती. बडनेऱ्याचं आणि शेगावचं इंजिनिअरिंग कॉलेज एकाच वर्षी निघालं, १९८३. राज्याने विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं त्या लाटेतली ही दोन्ही. अमरावती विद्यापीठही त्याच वर्षीचं. तोवर इथल्या मध्यमवर्गीय घराला माहीत असलेले रस्ते म्हणजे शेती, अडत, मास्तरकी आणि जिल्हा परिषद. त्यानंतर आणखी एक दिसू लागला आणि तो बडनेरा स्टेशनवरून पुण्याला जात होता. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, पाठोपाठ एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यात सुरू झाले. दुकानाच्या वरच्या मजल्यावर दहा मशीन, बाहेर चपला काढायच्या, आत एसी. एसी माणसांसाठी नाही, कॉम्प्युटरसाठी.

याच वर्षांत कापूस पडत होता. राज्याची कापूस एकाधिकार खरेदी, जी १९७२ पासून बरीवाईट चालली होती, ती मोडीत निघत होती. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी वऱ्हाडाचं नाव देशभर झालं आणि १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात अमरावती आणि अकोला दोन्ही होते. अशा काळात एखादं घर पंचवीस-तीस हजारांचा कॉम्प्युटर हप्त्याने घेत होतं. म्हणून 'अभ्यासासाठी' हा शब्द मला नुसता खोटा वाटत नाही. घरच्यांना त्या डब्यात पोराची सुटका दिसत होती. त्याला हॉलमध्ये जागा मिळायची, भरतकाम केलेलं झाकण मिळायचं आणि लोडशेडिंगमधून वाचलेल्या दोन तासांत पोरगा त्यावर 'रोड रॅश' खेळायचा.

आणि खरं सांगायचं तर, माझ्या पिढीतल्या पुष्कळांचं कॉम्प्युटरचं शिक्षण त्या खेळातच झालं. गेम चालत नाही म्हणून ड्रायव्हर शोधणं, सी ड्राइव्हमध्ये जागा करणं, 'ग्राफिक कार्ड नाही' असा संदेश आला की म्हणजे काय ते दुकानात जाऊन विचारणं, 'व्हाइस सिटी'ची तीनदा चरे पडलेली सीडी टूथपेस्टने पुसून पाहणं. एमएस-सीआयटीच्या पुस्तकातून इतकं कुणी शिकलं नसेल. फक्त हे शिक्षण घरी सांगता येत नव्हतं. 'अभ्यासासाठी' म्हणून घेतलेलं यंत्र खरोखर अभ्यासाला लागत होतं आणि तरी तो अभ्यास लपवावा लागत होता, असा हा गमतीदार प्रकार.

खेळाला असं तोंड लपवून वावरावं लागावं हे अमरावतीच्या बाबतीत तर जास्तच चमत्कारिक. इथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, वैद्य बंधूंनी सुरू केलेलं. १९३६ मध्ये मंडळाचं पथक बर्लिन ऑलिंपिकला गेलं आणि तिथे कबड्डी, मल्लखांब अशा देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. खेळ म्हणजे उनाडपणा, असं मानणाऱ्या समाजात त्या माणसांनी खेळाची संस्था उभी केली, त्याचे अभ्यासक्रम काढले, त्यावर शिक्षकांच्या पिढ्या घडवल्या. त्याच मंडळाचं आज इंजिनिअरिंग कॉलेजही आहे. खुर्चीत बसून माउस हलवणं आणि मल्लखांब यांना एका रांगेत बसवायचा माझा विचार नाही. मंडळातल्या जुन्या लोकांना तो आवडणारही नाही. पण खेळाला अभ्यासाचं सोंग न देता त्याच्याच नावाने प्रतिष्ठा देता येते, हे या गावाने एकदा करून दाखवलं आहे.

मावशीच्या मनातली खरी भीती मात्र अभ्यासाची नव्हती, हे मला दुसऱ्या फोनवर कळलं. ती म्हणाली, "पैसे लावून तर नाई न खेळत तो?" मराठीत क्रिकेटही खेळतात, पत्तेही खेळतात आणि जुगारही खेळतात. क्रियापद एकच. सीमाशुल्काच्या तक्त्यातही कॅसिनोचं टेबल आणि गेमचं यंत्र एकाच शीर्षकाखाली आहेत, तेव्हा मावशीला काय नावं ठेवायची? ओपन-क्लोजच्या चिठ्ठ्यांनी संसार उठलेले तिने गल्लीत पाहिले आहेत आणि अलीकडे रमीच्या ॲपने उठलेलेही. तिच्या दृष्टीने फोनवर पोरगा डोळे लावून बसला आहे एवढंच दिसतं. आत काय चाललं आहे ते दिसत नाही.

फोनने खरं तर ही सगळी जुनी व्यवस्था मोडली होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, २०१८ मध्ये पब्जीचा मोबाइल अवतार आला आणि गेम खेळायला वेगळं यंत्र, वेगळं कारण काहीच लागेना. फोन घरात आधीच होता. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पब्जीसह ११८ ॲपवर बंदी घातली, तेव्हा शाळा त्याच फोनवर भरत होती. एकाच काचेवर सकाळी गणिताचा तास आणि दुपारी बंदी घातलेला गेम. पुढच्या जुलैत तोच गेम 'बीजीएमआय' या नावाने परत आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैसे लावून खेळायचे गेम बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला वेगळं काढून मान्यता दिली. कायद्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा बाजूला ठेवू. पण खेळ आणि जुगार हे दोन शब्द सरकारी कागदावर निदान वेगळे झाले. मी मावशीला हे सांगितलं. तिला कायद्यात रस नव्हता. तिला तो कोणता गेम खेळतो ते बघायचं होतं.

आता पैशांचं. ५४,००० मध्ये काय येतं? दुकानदाराने ग्राफिक कार्ड, मॉनिटर, सगळं धरून सत्तर हजारांच्या जवळपास आकडा सांगितला होता. भावाला वाटलं आपण गिऱ्हाईक म्हणून नवखे दिसलो. तसं नव्हतं. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव काही महिन्यांत दुपटीहून वर गेले, कारण मेमरी बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने तर किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला क्रुशल हा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी २०२०-२१ मध्ये ग्राफिक कार्डं अशीच गायब झाली होती, कोविड आणि क्रिप्टोच्या खाणकामामुळे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि खाणीत राबलेली कार्डं जुन्या बाजारात ढिगाने आली.

अकोल्याला हे नवं नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीतल्या बोंडाला कधी नव्हे तो भाव आला. १८६५ मध्ये लढाई संपली आणि भाव कोसळला. पण तेवढ्यात इंग्रजांना वऱ्हाड दिसला होता. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोचली, १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावची रेल्वे शाखा आणि कापूस बाजार सुरू करायला स्वतः आला. तेव्हापासून इथल्या माणसाच्या खिशात काय उरेल हे त्याने न पाहिलेल्या गावात ठरत आलं आहे. काकांना मी मेमरीच्या भावाचं कारण सांगितलं तर त्यांना जराही नवल वाटलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "उतरन कधी?" नवे कारखाने उभे राहायला काही वर्षं लागतात, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "मंग पोराले घाई कायची?"

घाई न करण्याला आणखी एक कारण होतं, जे तोवर कुणीच बोललं नव्हतं. उन्हाळ्यात सीईटी आणि त्यानंतर प्रवेशफेऱ्या आहेत. अकोला, शेगाव, अमरावती यांपैकी कुठे नंबर लागला तर डेस्कटॉप ठीक. पुण्यात किंवा नागपुरात लागला तर हॉस्टेलच्या खोलीत कॅबिनेट आणि मॉनिटर वाहून नेण्यात अर्थ नाही, लॅपटॉपच घ्यावा लागेल आणि त्याच पैशात तो गेमसाठी डेस्कटॉपपेक्षा कमी ताकदीचा मिळेल. शिवाय प्रवेशाच्या वेळी पंधरा ठिकाणी पैसे लागतात. म्हणून १२,००० बाजूला, त्यांना हात लावायचा नाही, हे मी पहिल्यांदा सांगितलं.

उरले ४२,०००. डेस्कटॉप घ्यायचा ठरला तर माझा सल्ला असा: कार्ड आत्ता नको. ज्यात चित्राचं काम प्रोसेसरच करतो असा एएमडीचा प्रोसेसर घे. त्याचे आवडते गेम कमी सेटिंगवर चालतील. मदरबोर्ड असा, की पुढे कार्ड बसेल. आणि एसएमपीएसमध्ये कंजुषी अजिबात नको. दुकानदार कार्डाचा आकडा मोठ्याने सांगतो आणि एसएमपीएस कोणता आहे ते विचारल्याशिवाय सांगत नाही; पण आपल्याकडच्या विजेच्या चढउतारात सगळ्यांत आधी तोच मार खातो. छोटा यूपीएस पाहिजेच.

उन्हाळ्याचं तर वेगळं बोलायला हवं, कारण यूट्यूबवरच्या कुठल्याही पुनरावलोकनात ते नसतं. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. खोलीत कूलर लागतो. कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर गेली की आत ओल धरते, आणि खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी कूलरमध्ये घालत असाल तर जाळीवर बसणारा पांढरा थर तुम्ही पाहिलाच असेल. तेव्हा कॅबिनेट कूलरच्या झोतात नको, भिंतीला चिकटून नको, जमिनीवर तर नकोच. मे महिन्याच्या दुपारी मोठा गेम लावायचाच नाही. भावाने हे सगळं लिहून घेतलं, शेवटचं सोडून.

राहिलं ते प्रमाणपत्र. मी ते दिलं नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला लागणारं कोडिंग जुन्या लॅपटॉपवरही होतं, हे मी मावशीला सांगितलं आणि भावाला ते ऐकू येईल असं सांगितलं. तो चिडला. दोन दिवस त्याने माझ्या मेसेजला उत्तर दिलं नाही. त्याची बाजू मला कळत होती; माझ्याच पिढीने त्याच वाक्यावर हॉलमध्ये कॉम्प्युटर आणवले होते. पण आमच्याकडे पैसे बापाचे होते, मागायला कारण लागायचं. याचे पैसे याने आठवीत परीक्षा देऊन मिळवले आहेत आणि चार वर्षं सांभाळले आहेत. शिष्यवृत्ती दिली ती त्याने शाळा सोडू नये म्हणून. त्याने ती सोडली नाही. सरकारशी झालेला व्यवहार तिथे पूर्ण झाला, असं मी मानतो. मावशी तसं मानत नाही, आणि तिच्याही म्हणण्यात तथ्य आहे: त्या पैशाच्या जोरावर तिने चार वर्षांत बऱ्याच गोष्टी मागे टाकल्या, पण त्याच्या खात्याला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यानेच आईला सांगितलं, गेमसाठीच पाहिजे. मावशीने अर्धा तास त्याच्या शेजारी बसून फोनवरचा गेम पाहिला. बंदुका तिला आवडल्या नाहीत. पैसे कुठे लावतात ते दाखव म्हणाली. त्याने दाखवलं, की नव्या कपड्यांसाठी पैसे भरता येतात आणि त्याने कधी भरलेले नाहीत.

प्रवेशफेरीचा निकाल लागेपर्यंत थांबायचं ठरलं आहे. ४२,००० काकांनी त्याच्याच नावावर पोस्टात ठेवायला लावले. तोवर दर रविवारी तो प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि मॉनिटर यांचे भाव एका वहीत उतरवतो. तिच्यातले रकाने काकांनी आखून दिले आहेत, अडतीच्या वहीत असतात तसे.